वेताळ टेकडीवर क्रॉस कंट्री: स्पाइक्स की ट्रेल शूज?

प्रश्न: क्लबतर्फे जानेवारीत पुण्यातल्या वेताळ टेकडीवर १० किमी क्रॉस कंट्री (कच्च्या वाटेवरची धावण्याची शर्यत) आहे. स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट) घ्यावेत का? उतारावर मुरमावरून पाय सटकतो, त्याचं काय?

टेकडीकर: स्पाइक्स नकोत. ते गवत, मऊ माती, चिखलासाठी. इथे मुरमाखाली बेसाल्ट. खिळा रुततच नाही. तळाला ४-५ मिमी खाचा असलेले ट्रेल शूज पुरे. सटकतो कारण पाऊल शरीराच्या फार पुढे, टाचेवर पडतं. पावलं छोटी आणि भरभर टाका, मागे रेलू नका, नजर ३-४ मीटर पुढे.

संथगती: +१. पहाटे गारठा असतो, वॉर्मअप १५-२० मिनिटं, मग ८० मीटरचे चार स्ट्राइड्स (वेग हळूहळू वाढवत मारलेल्या छोट्या धावा). जॅकेट स्टार्टलाइनवरच काढा.

टेकडीकर: आणि सांघिक निकाल संघातल्या धावपटूंच्या क्रमांकांच्या बेरजेवर लागतो, कमी बेरीज जिंकते. शेवटच्या चढावर एकाला मागे टाकलंत तरी संघाला फायदा.