मीटरवरचं मायलेज धरू नका

टर्बो डिझेल गाडीचा रिमॅप केला, म्हणजे ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदललं, आणि मीटरवर मायलेज लिटरला १४ चं १७ किलोमीटर दिसायला लागलं, असं एकाने लिहिलंय. गाडी पळत असणार, त्यात वाद नाही. टर्बो डिझेलला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि इंजेक्शन (डिझेलचा फवारा) वाढवलं की फरक पायालाच कळतो. पण मीटरवरचा आकडा डिझेल मोजून येत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवला यावरून ईसीयू हिशोब मांडतो, आणि रिमॅपमध्ये नेमकं तेच गणित हलवलेलं असतं. टाकी फुल करताना पहिल्या ऑटोकटला, म्हणजे पंपाचं नोझल आपोआप बंद पडलं की, थांबा, पुढच्या खेपेला त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. मग बोलू.

बिनटर्बोच्या पेट्रोलवाल्यांनी तर मायलेजसाठी यात पैसे घालूच नयेत. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर ईसीयू हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास धरून ठेवतो, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तेच लागतं. तिथे रिमॅप करणारा ट्यूनर काय वाचवणार? आणि संध्याकाळी मुंबईत जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं असेल तर विषयच संपला. करायचंच असेल तर ईसीयूच्या मूळ सॉफ्टवेअरची फाईल आधी मागून घ्या. सर्व्हिसिंगला कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट पडलं की रिमॅप पुसला जाऊ शकतो, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.