घरं की बाग? आधी ऊन कुठून येतं ते बघा

"लोकांना डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही टोमॅटो कसले लावताय?" शहरातल्या मोकळ्या जागेवर बाग करायची म्हटलं की येणारा हा प्रश्न रास्त आहे. पण न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ स्ट्रीट गार्डनचं काय झालं ते बघा. मॅनहॅटनमधली जेमतेम एकरभर सरकारी जागा. झाडं, पुतळे, दगडी सिंह. तिथे ज्येष्ठांसाठी 123 परवडणारी घरं व्हायची होती. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. जून 2025 मध्ये तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांनी तो बेत सोडला आणि बदल्यात आसपासच्या तीन जागांवर मिळून 620 हून जास्त घरांचा वायदा झाला. आकडा मोठा आहे, पण वायदा म्हणजे हातात किल्ली नव्हे. सत्तरीतल्या माणसाने तोवर थांबायचं कुठे, हे मला खटकतंच.

एकाच प्लॉटवर दोन्ही बसवायचं असेल तर इमारत उत्तरेच्या हद्दीला सरकवा. न्यूयॉर्क असो की पुणे, हिवाळ्यात सावली उत्तरेकडे लांब पडते. इमारत दक्षिणेला आली की वाफे ऐन थंडीत सावलीत, आणि टोमॅटोला तर रोज सहा तास तरी ऊन हवंच. (बिल्डरच्या ब्रोशरमध्ये सावली कधीच नसते!)

शिवाय जुन्या शहरी मातीत शिसं असू शकतं. आधी माती तपासा, नाहीतर उंच वाफे बांधून बाहेरची माती भरा. हा खर्च बांधकामाच्या बजेटमध्येच धरायला लावा, नंतर कोणी देत नाही.