घरच्या घरी बीपी, शुगर, ताप मोजताना: अनुभव धागा

बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, डिजिटल थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर. करोनानंतर ही चौकडी बऱ्याच घरांत टीव्हीखालच्या खणात येऊन बसली आहे. आकडे घेतले जातात, वहीत उतरवले जातात, परगावच्या मुलांना व्हॉट्सॲपवर जातात. त्यातले कितीतरी चुकीचे असतात, आणि दोष मशीनचा क्वचितच असतो. ज्यांचं रोजचं कामच हे आहे त्यांनी इथे लिहावं: काय चुकतं, का चुकतं, आकडा किती हलतो. काकांचे आणि शेजाऱ्यांचे किस्से नकोत, कृती हवी.

रात्रपाळी (परिचारिका)

बीपीपासून सुरू करते. घरचं डिजिटल मशीन वरचं आणि खालचं बीपी थेट मोजतच नाही! पट्ट्यातली हवा सुटताना त्यात नाडीची जी थरथर येते, ती ते टिपतं. थरथर सर्वांत जोरात असते तिथे मधला दाब धरायचा आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा हिशेबाने काढायचा, अशी त्याची रीत. तो हिशेब प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून दोन मशीनं तंतोतंत जुळत नाहीत. आणि म्हणूनच मोजताना बोटं हलवली की गणित फिसकटतं. बोललं तर तेही होतं, शिवाय बोलण्याने बीपी खरंच वाढतं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिने चढणं बंद. लघवीला जाऊन यायचं, कारण मूत्राशय तुडुंब असेल तर वरचं बीपी दहाच्या घरात वाढू शकतं. मग पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पायावर पाय नको. हात टेबलावर असा टेकवायचा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. हात खाली लोंबत राहिला तर दर १० सेंटीमीटरला साधारण ८ पॉइंट फुकटचे वाढतात, हे निव्वळ रक्ताच्या उंचीचं वजन. सोफ्याच्या हातावर दंड टेकवणारे इथेच फसतात.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, संध्याकाळी जेवणाआधी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर जास्त धरतात. दवाखान्यातली १४०/९० ची रेघ इथे लावू नका.

निळा पट्टा (उपकरणं दुरुस्ती)

सिस्टर, पट्ट्याच्या मापाचं राहिलं. मशीनसोबत बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडाचा पट्टा येतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिंप्याच्या टेपने घेर मोजा. ३२ च्या वर असेल तर मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो. लहान पट्टा जाड दंडावर आकडा फुगवून दाखवतो, आणि त्या आकड्यावर गोळी वाढते. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन सेंटीमीटर वर, नळी आतल्या बाजूला. शर्टाची बाही गुंडाळून वर सरकवू नका, तीच दंडाला आवळते. मनगटावरचं मशीन असेल तर मनगट हृदयाच्या उंचीला आणावंच लागतं. मांडीवर ठेवून आलेला आकडा कचऱ्यात टाका.

आणि मशीन बिघडलंय म्हणून आणून देण्याआधी सेल बदलून बघा. अर्ध्याहून जास्त तक्रारी तिथेच संपतात.

एक थेंब (मधुमेह शिक्षिका)

आंब्याचे दिवस आले की ग्लुकोमीटरचे आकडे वेडेवाकडे होतात, आणि त्यात आंबा खाल्ल्याचा वाटा असतो तसा आंबा चिरल्याचाही! फोडी करून हात नुसता पुसला तर बोटावरची साखर थेंबात मिसळते. स्पिरिटचा बोळा ती नीट काढत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवा आणि कोरडे करा. ओलं बोट थेंब पातळ करतं. गूळ, मध, द्राक्षं, केळं, सगळ्यांना हाच नियम.

टोचायचं ते बोटाच्या टोकाला मध्यावर नाही, कडेला. तिथे दुखतं कमी. बोट जोराने पिळू नका, पेशींमधलं पाणी रक्तात येतं. हात दंडापासून खाली लोंबता ठेवला की थेंब आपोआप येतो. हात धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा वापरा.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिली की दमट हवेने पट्ट्या वाया जातात. झाकण लगेच लावा, आणि पट्टी काढून दुसऱ्या डबीत ठेवू नका. फ्रिजमध्येही नको.

आता आकड्याची अब्रू किती ते सांगते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे लॅबमध्ये १८० असेल तर मीटरवर ते १५३ ते २०७ यांत कुठेही दिसू शकतं. काल १६८, आज १७९, म्हणून रात्रीची भाकरी बंद करायची गरज नाही. 'जेवणानंतर दोन तास' मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे.

सीरम (लॅब टेक्निशियन)

साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आयुष्यावर चालते, आणि ते साधारण १२० दिवस असतं. सिकलसेलमध्ये (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर चढलेली असूनही आकडा छान येतो. हा आजार जास्त आढळणाऱ्या गडचिरोली, नंदुरबारकडच्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावं: घरात सिकलसेल असेल तर तपासणीआधी तसं सांगा, मग डॉक्टर दुसरी चाचणी लावतात. लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात उलटं, आकडा जरा जास्त येतो.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचा थायरॉइडचा रिपोर्ट काही मशीनवर चक्क उलटा येतो: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) खोटं कमी, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त. रुग्ण ठणठणीत आणि कागदावर थायरॉइड जास्त काम करणारं. डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस आधी गोळी थांबवा. रोजची थायरॉइडची गोळी मात्र त्या सकाळी रक्त दिल्यावर घ्या.

उपाशी पोटी म्हणजे पाण्याविना नव्हे. पाणी प्या, शीर लवकर सापडते. रक्त देताना मूठ सारखी उघड-मीट केली तर पोटॅशियम खोटं वाढतं. एकदा हलकी मिटा, पुरे.

पाच मिली (औषधनिर्माता)

तापाचं लिहितो. ९८.६ हा आकडा १८६८ चा, जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी काखेत मोजून काढलेला. शरीर एका आकड्यावर थांबत नाही. पहाटे सर्वांत थंड, संध्याकाळी सर्वांत गरम, आणि फरक सुमारे एक अंश फॅरनहाइटचा. संध्याकाळी ९९ दिसलं की लगेच क्रोसिन नको. तोंडात मोजायचं तर चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर २० मिनिटं थांबा. काखेत मोजायचं तर घाम पुसा, दंड छातीशी घट्ट धरा. वहीत आकड्यापुढे 'काख' की 'तोंड' ते लिहा. कपाळावर धरायची बंदूक पंख्याखाली आणि घामेजल्या कपाळावर फसते.

खरा घोळ पुढे होतो. लहान मुलांचं पॅरासिटामॉल तीन ताकदींत मिळतं: ५ मिलीत १२५ (काही कंपन्यांचं १२०) मिलिग्रॅम, ५ मिलीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. मात्रा वजनावर, किलोला जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम म्हणजे पहिल्याचे ६ मिली, दुसऱ्याचे ३, थेंबांचं दीड. थेंबांचं औषध चमच्याने दिलं तर काय होईल, हिशेब तुम्हीच करा. घरातला चमचा ५ मिलीचा नसतो. बाटलीसोबतचं माप वापरा. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर हे गणित करत बसू नका, सरळ दवाखाना.

रात्रपाळी

ऑक्सिमीटरचं मीच लिहिते. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात, त्यामुळे नेलपॉलिश, गडद मेंदी आणि गारठलेली बोटं आकडा बिघडवतात. हात चोळून गरम करा, बोट स्थिर ठेवा आणि आकडा अर्धा मिनिट एका जागी थांबला की वाचा.

एक जागा मात्र अशी आहे जिथे त्यावर विश्वास ठेवूच नका. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता आणि माणूस चक्कर येऊन पडला. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच दिसतं. ९९ दाखवेल आणि माणूस गुदमरत असेल. दार उघडा, गॅस बंद करा, ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. आकडा बघत बसू नका.

ओळंबा (फिजिओथेरपिस्ट)

छोटीशी भर. माणूस रात्री झोपताना सकाळपेक्षा जवळपास एक सेंटीमीटर बुटका असतो. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दिवसभरात दाबाने निघतं आणि झोपेत परत भरतं. मुलांची उंची भिंतीवर पेन्सिलीने नोंदवत असाल तर दर वेळी तीच वेळ ठेवा: सकाळी, अनवाणी, टाचा आणि ढुंगण भिंतीला, नजर समोर. डोक्यावर पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरायचं आणि रेघ त्याच्या खालच्या कडेला मारायची. मुलींची वेणी आणि अंबाडा आधी सोडा.