मारुती ८०० (१९९८, कार्ब्युरेटर): प्लग वायर कुठल्या घ्याव्यात?

घाटरस्ता_सातारा
वडिलांची ९८ची ८००. हायवेला शेंद्र्यापर्यंत मस्त पळते, पण पावसाळी सकाळी यवतेश्वरचा घाट लागला की तिसऱ्या गिअरला मिसिंग, म्हणजे इंजिन मध्येमध्ये अडखळतं. प्लग नवे टाकले, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो वायरी गेल्या. एक दुकानदार लाल ८ एमएमच्या दाखवतो, म्हणे पिकअप वाढेल. दुसरा तांब्याच्या तारेच्या देतो. घेऊ कुठल्या?

डेल्कोवाला_सांगली
दादा, सपाटीला नीट नि चढाला मिसिंग, मेकॅनिकचा अंदाज पटतो. चढाला रेस दाबली की सिलिंडरमधला दाब वाढतो, मग ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. वायरीचं रबर तडकलेलं असलं की करंट प्लगपर्यंत न जाता शेजारच्या लोखंडावर उडी मारतो. वर पावसाची ओल, मग बघायलाच नको.

खर्चाआधी खात्री करा. रात्री लाईट बंद करून, गाडी चालू ठेवून बॉनेट उघडा आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. गळती असेल तिथं निळी ठिणगी चटचट करते. हात लांब ठेवा, हजारो व्होल्टचा मामला आहे. गळ्यातला टॉवेलही काढून ठेवा, पंखा फिरत असतो.

तांब्याची नको. रेडिओत नुसती खरखर येईल. कंपनीच्या वायरीत कार्बनचा गाभा घालतात तो त्यासाठीच. आणि लाल ८ एमएमनं पिकअप वाढत असता तर सांगलीतल्या निम्म्या रिक्षा लाल वायरीवर पळाल्या असत्या! जाड वायर मूळच्या क्लिपात बसत नाही, मग सायलेन्सरच्या पाइपाला टेकून वितळते. साधा जेन्युइन सेट घ्या.

मिरज_जंक्शन
अख्खा सेट कशाला? खराब असेल तेवढी एकच बदलावी की.

डेल्कोवाला_सांगली
भाऊ, चारही एकाच वयाच्या: तीन प्लगच्या, एक कॉईलची (ठिणगीचं व्होल्टेज तयार करते ती). आज एक गेली, बाकीच्या रांगेतच आहेत. तरी मल्टिमीटर लावा. काही हजार ओम दाखवले तर गाभा शाबूत. वायर वाकवताना आकडा उड्या मारला किंवा काहीच आलं नाही, तर ती आतून तुटलीय.

घाटरस्ता_सातारा
रात्री बघितलं राव! मधल्या प्लगच्या बुटापाशी (वायरीच्या टोकाची रबरी टोपी) दिवाळी चाललीय. डेल्कोची (प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) टोपीही बदलू का?

डेल्कोवाला_सांगली
उघडून आतून बघा. दोन टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर बदला, नाहीतर कोरड्या फडक्यानं पुसून परत बसवा. वायरी एकावेळी एकच काढायची, जुनीच्या मापाची नवी लावायची, मग पुढची. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-२ आहे, अदलाबदल झाली तर गाडी फटाके फोडेल. आणि ओढताना वायर नाही, बूट धरायचा, थोडा पिळून. नवी बसवताना ‘टक’ आवाज यायला पाहिजे.