सोलर सेलवरच्या व्याख्यानात नेमकं काय विचारू?

केळीपट्टा_यावल:
नमस्कार. एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात डिपार्टमेंटला ऊर्जा संशोधनावर व्याख्यानं आहेत, बरीचशी पेरोव्हस्काइट सोलर सेलवर (सिलिकॉनऐवजी पेरोव्हस्काइट नावाचा स्फटिकी पदार्थ वापरलेले सेल). मागच्या वेळी शेवटी ‘काही प्रश्न?’ म्हटल्यावर सगळा हॉल गप्प. यंदा मला विचारायचंय. मराठीत विचारलं तर चालेल का?

तापीकाठ:
बेटा, मराठीत बिनधास्त विचार. माझी सगळी नोकरी भौतिकशास्त्र शिकवण्यातच झाली, म्हणून हक्कानं सांगतो. कार्यक्षमतेचा, म्हणजे प्रकाशातल्या किती टक्के ऊर्जेची वीज होते त्याचा, आकडा पडद्यावर आला की आधी तापमान विचार. तो आकडा १००० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाशात, सेल २५ अंशांवर ठेवून मोजलेला असतो. भुसावळला मे महिन्यात हवाच ४५ अंश. वारा पडला की पॅनल त्याहून २५-३० अंश जास्त तापतं, म्हणजे सेल सत्तरीला! सिलिकॉन पॅनल दर अंशाला साधारण ०.३५ टक्के शक्ती गमावतं. हिशेब कर: ४५ अंशांच्या फरकाला जवळपास १६ टक्के. ४०० वॅटच्या पॅनलचे ३३६ उरले, तेही पूर्ण उन्हात.

असं का होतं, हे तुला डायोडच्या प्रॅक्टिकलमधून ठाऊक आहे. उष्णतेनं इलेक्ट्रॉन-होल जोड्या (सुटा इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा) आपोआप वाढतात, उलटा प्रवाह फुगतो आणि व्होल्टेज उतरतं, सेलमागे अंशाला सुमारे २ मिलीव्होल्ट. करंट किंचित वाढतो, पण त्यानं तूट भरत नाही.

आता पेरोव्हस्काइट. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटानं ३.८ टक्के कार्यक्षमता दाखवली, आज प्रयोगशाळेत २५ च्या पुढे. इतकी झपाट्याची वाढ मी दुसऱ्या कुठल्या सेलची पाहिली नाही, वाचताना अजून अंगावर काटा येतो. पण सेलचं क्षेत्रफळ किती, हे विचारच. नखाएवढ्या तुकड्यावरचा विक्रम आणि छतावरचं पॅनल यांत फार अंतर असतं.

सोलरवाला_भुसावळ:
सरांचं एकदम बरोबर. ताई, मी पॅनल बसवतो. पत्र्याला चिकटवून बसवलं की खालून हवा खेळत नाही, दुपारी विजेचे युनिट कमी निघतात. मी गिऱ्हाइकाला स्टँड उंच घ्यायलाच लावतो. आणि धूळ! उन्हाळ्यात पॅनल सकाळी लवकर धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही.

केळीपट्टा_यावल:
सर, दादा, खूप आभार. मग असं विचारते: ‘तुमचा सेल ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या १००० तासांच्या चाचणीत टिकला का?’

तापीकाठ:
छान, पण ती चाचणी अंधारात होते. पेरोव्हस्काइटचा कस लागतो उष्णता आणि प्रकाश एकत्र आले की. तेव्हा पुढे जोड: ‘आणि उजेडात, लोड लावून, ६५ अंशांवर किती तास चालला?’ उत्तर काय मिळालं ते इथं लिही, मी वाट बघतोय.