शनिवारी गच्चीवर सीआयडी? (अपार्टमेंटचा ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव, गुरुवार १९ डिसेंबर २०२४, रात्र)

४०२ वैनी: लिफ्टमधला तो कागद कोणी चिकटवलाय? "शनिवार २१ डिसेंबर, रात्री साडेनऊ, गच्चीवर पडदा, टीव्हीवर सीआयडी परत येतंय, आपापली खुर्ची आणा." कुणाला विचारून? गच्चीच्या बरोबर खाली आमची बेडरूम, पोरगं सेकंड पीयूसीला (बारावीला), सगळ्यांना माहीत आहे तरी

रोहन ३०३: वैनी मुद्दाम नाही ओ 🙏 २०१८ च्या ऑक्टोबरात एकदम बंद केलं ते आत्ता येतंय. प्रोजेक्टर मित्राचा आहे, फुकट

बापू १०१: वर्ल्ड कप फायनलला टाकीच्या झाकणावर बसून झाकण मोडलं. १४०० मी भरले. ते कोण देणार?

४०२ वैनी: आणि सीआयडी दहाला सुरू होणार. दहानंतर स्पीकरला बंदी आहे, नियम आहे तसा. अण्णा खात्यात होते, त्यांनाच विचारा

हवालदार अण्णा १०२: व्हय. रात्री दहा ते सकाळी सहा. पण बंदी पाळणारा मी बघितला नाही

मंगल मावशी २०२: अगं बाई खरंच येतंय काय!! मला वाटलं पोरं चेष्टा करूलालीत. एसीपी तेच आहेत नव्हे?

रोहन ३०३: तेच. शिवाजी साटम, दया, अभिजीत तिघंही. पण प्रोमो बघा मावशी, अभिजीतच दयाला गोळी घालतोय

मंगल मावशी २०२: शक्यच नाही. काहीतरी नाटक असणार त्यांचं

बँकवाले काका ३०१: साटम आधी सेंट्रल बँकेत नोकरीला होते, हे किती जणांना माहीत आहे? बँकेत राहून नाटकं केली माणसानं. बी. पी. सिंगनी सीआयडीच्या आधी दूरदर्शनला मराठीत 'एक शून्य शून्य' काढली होती, पोलिसांच्या केसेसवरच, त्यात पण साटम होते. म्हणजे १९९८ च्या जानेवारीत सीआयडी आलं ते काही आकाशातून पडलं नाही

शेट्टी अंकल २०४: दया आमच्या उडुपीकडचा. दयानंद शेट्टी. थाळीफेक खेळत होता, म्हणून खांदा तसा आहे

बँकवाले काका ३०१: आला का शेट्टी शेट्टीच्या मदतीला 😄

शेट्टी अंकल २०४: असू दे की. एसीपी तुमचे, दया आमचा, दार दोघांचं. फक्त पुढच्या वेळी कागद कन्नडमध्ये पण लावा, आमच्या मिसेसना कळलाच नाही

बँकवाले काका ३०१: झालं. सीमाप्रश्न रस्त्यावरच्या बोर्डावर होता तो आता लिफ्टमध्ये आला

शेट्टी अंकल २०४: मी प्रश्न नाही आणला ओ, मी खुर्ची आणणार आहे

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, ग्रुपवर भाषेचा विषय नको. विधिमंडळाचं अधिवेशन आजच उठलंय, गावात तेवढं पुरे झालं. आणि गच्ची वापरायची तर आधी अर्ज द्यावा असं ठरलेलं आहे.

४०२ वैनी: ठरलेलं बरंच आहे. जिन्यातला बल्ब पण ठरलेला होता. १९२४ च्या गांधीजींच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून अख्ख्या बेळगावात लायटिंग झालंय, आमच्या चौथ्या मजल्यावर मात्र मोबाइलच्या उजेडात कुलूप उघडूलालोय

बापू १०१: टाकीचं झाकण. १४००.

हवालदार अण्णा १०२: बल्बचं जाऊ द्या. मी सांगतो मला हे सीआयडी का पटत नाही. ते डॉक्टर साळुंखे नळी हलवतंय, पाणी निळं झालं की विषाचं नाव सांगून मोकळं. अहो पोस्टमॉर्टेम करणारा डॉक्टर वेगळा, विष तपासणारी लॅब वेगळी, व्हिसेरा म्हणजे पोटातले अवयव काचेच्या बरणीत मिठाच्या गच्च पाण्यात ठेवायचा, झाकण बांधून लाखेचं सील मारायचं, त्या सीलचा ठसा वेगळ्या कागदावर द्यायचा आणि मग एक कॉन्स्टेबल ती बरणी मांडीवर घेऊन बसनं जाणार, शेजारी बसलेली बाई विचारणार काय ओ लोणचं काय, तिथं क्लार्क ठसा जुळतोय का बघणार आणि नाही जुळला तर बरणी परत. रिपोर्ट यायला महिने. तोवर आरोपी जामिनावर सुटून लग्न करून बसतोय

मंगल मावशी २०२: ई अण्णा, जेवूलालोय आम्ही

रोहन ३०३: 😂😂 अण्णा शनिवारी मध्येमध्ये हेच सांगा, माईक देतो

मंगल मावशी २०२: अण्णा नावं ठेवतात पण नाइट ड्युटी नसली की आमच्या हॉलमध्ये येऊन बघत होते. ती एकाच शॉटमधली लांबडी गोष्ट होती बघा, ती यांनी पाण्याला पण न उठता बघितली

रोहन ३०३: २००४ ची. १११ मिनिटं, एकही कट नाही. रेकॉर्ड आहे तो

हवालदार अण्णा १०२: ती चांगलीच होती. मी वाईट कुठं म्हटलं

मंगल मावशी २०२: आणि आपला फ्रेडी?

रोहन ३०३: दिनेश फडणीस गेल्या डिसेंबरात गेले मावशी

मंगल मावशी २०२: अरे देवा. मला माहीतच नव्हतं. तो घाबरायचा ना तेव्हा आमचे हे किती हसायचे. आता कोण घाबरणार त्यात

शेट्टी अंकल २०४: 🙏

बँकवाले काका ३०१: 🙏 फ्रेडीशिवाय ते नुसते खूनच राहणार

बापू १०१: 🙏 टाकीच्या झाकणाचं पण बघा कुणीतरी

४०२ वैनी: बापू आता तरी थांबा ओ!

४०२ वैनी: हे बघा, मी सीआयडीच्या विरुद्ध नाही, आमच्या सासूबाई आत्तापासून विचारूलाल्यात कधी आहे म्हणून. त्यांना गच्ची चढवत नाही, गुडघे गेलेत. खाली पार्किंगमध्ये लावा की. त्या पण येतील, पोराची खोली पण शांत

रोहन ३०३: पार्किंग चालतंय! पडदा पाण्याच्या मोटरच्या भिंतीवर. स्पीकर एकच, लहान

सेक्रेटरी: पार्किंगसाठी पण अर्ज लागेल.

बँकवाले काका ३०१: सेक्रेटरीसाहेब, हाच अर्ज समजा. खाली मी सही केली

शेट्टी अंकल २०४: चहा माझ्याकडून. हॉटेलमधनं थर्मास येईल. कप आपापले

सेक्रेटरी: बरं. अकराला बंद म्हणजे बंद. बल्ब उद्या लावतो. बापू, तुमचे १४०० जानेवारीच्या मेंटेनन्समधून वजा करतो.

बापू १०१: लेखी द्या

रोहन ३०३: आता पडद्यासमोरची ती पांढरी केए २२ गाडी कोणाची आहे? शनिवारी नऊपर्यंत हलवायला लागेल

बँकवाले काका ३०१: ३०४ ची असणार

रोहन ३०३: ३०४ ग्रुपवर आहेत काय?

मंगल मावशी २०२: दिवाळीत भांडण झालं तेव्हा सोडला की त्यांनी ग्रुप

सेक्रेटरी: सोडला नाही, काढलं होतं.

४०२ वैनी: कोणी काढलं?

बँकवाले काका ३०१: अण्णा, तपास घ्या

हवालदार अण्णा १०२: अर्ज द्या