ॲस्पर्गर हे निदान आता नाही. मग स्वतःला काय म्हणावे?

प्रश्न: किशोरवयात मला ॲस्पर्गर सिंड्रोमचे, म्हणजे ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) एका प्रकाराचे, निदान झाले आणि गोंगाटात कान झाकून बसणारे मूल हट्टी नव्हते, हे घरच्यांना तेव्हा कुठे पटले. नव्या अहवालात मात्र ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, स्तर १’ (आधाराची गरज सर्वांत कमी असलेला स्तर) असे लिहिले आहे. जुने निदान चुकीचे होते का?

उत्तर १: नाही. डीएसएम या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत (डीएसएम-४) ते ऑटिझमहून स्वतंत्र निदान होते; परंतु सारखीच लक्षणे असूनही कोणते निदान मिळेल हे बरेचसे तपासणाऱ्या केंद्रावर अवलंबून राही, म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ ने ऑटिझम, ॲस्पर्गर यांसारखी निदाने ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या एकाच नावाखाली एकत्र केली. जुने पक्के निदान असलेल्यांना नवे निदान द्यावे, असे त्यातच नमूद आहे.

उत्तर २: मी स्वतःला ऑटिस्टिक म्हणवतो. नाझी राजवटीत जिथे अपंग मुलांची हत्या होत असे, त्या व्हिएन्नातील संस्थेत हान्स ॲस्पर्गर (ज्यांचे नाव या निदानाला दिले गेले ते डॉक्टर) यांनी मुले पाठवल्याचे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ते नाव मला नकोसे वाटते. तरीही ज्यांना ते आपले वाटते, त्यांच्यावर कोणी सक्ती करू नये.

उत्तर ३: ‘स्तर १’ म्हणजे आधाराची गरजच नाही, असा अर्थ कोणालाही लावू देऊ नका. माझी मुलगी अस्खलित बोलते, पण सकाळचा ठरलेला क्रम मोडला की तिला दात घासणेही जमत नाही.